मालनच्या श्वासावर चाललेलं इंजिन

बुधवारी दुपारी जीपमध्ये नवं इंजिन बसलं आणि तेव्हापासून ते मालनच्या छातीतून श्वास घेऊ लागलं.

मालन ही हिंदुराव मगदुमाची बायको. कोल्हापुरात उद्यमनगरात हिंदुरावचं वर्कशॉप होतं, आणि वर्कशॉपाच्या मागे दोनचार पायऱ्या चढल्या की त्यांचं घर. इंजिन सुरू झालं तेव्हा मालन भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तव्यात टाकून तिनं श्वास घेतला, तर तो छातीत मुरायच्या आत कुणीतरी पलीकडून ओढून नेला. तिनं दुसरा घेतला, तोही गेला. मालन घाबरली नाही. घरात साप निघाला तरी आधी दूध झाकून ठेवणाऱ्यातली ती. तिनं भाकरी उलटली, शेकली, गॅस बंद केला, हात धुतले आणि मग पायऱ्या उतरून वर्कशॉपात आली.

"आवं, तुमचं इंजिन माझा श्वास वढाय लागलंय," ती म्हणाली.

हिंदुरावनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आत चार श्वास पाळीपाळीनं चालले होते, आणि त्यांची पाळी इंजिनाच्या चार सिलिंडरांचीच होती. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा आणि शेवटी दुसरा. कुठं अडखळणं नाही, कुठं ठोका चुकणं नाही. खरं सांगायचं तर हिंदुरावला आधी अभिमानच वाटला. इतकं गोड चालणारं इंजिन त्याच्या हातून अजून झालं नव्हतं. मग त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली.

"कवापास्नं?" त्यानं विचारलं.

"तुमी चावी मारल्यापास्नं."

जीप होती उत्तमची, म्हणजे मालनच्या धाकट्या भावाची. रविवारी ती पन्हाळ्याच्या घाटात चढवून मित्रांना दाखवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जुनं इंजिन चढाला धापा टाकायचं म्हणून त्यानं भंगारबाजारातून दुसऱ्याच गाडीचं दांडगं इंजिन उचलून आणलं होतं. ते बसलं, पण त्याचं मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणाऱ्या चार नळ्यांचा जोड, नेमकं स्टिअरिंगच्या दांड्याला आडवं यायला लागलं. हिंदुरावनं ते खोलून बाजूला टाकलं आणि नवं हातानं घडवायचं ठरवलं. तोवर इंजिनाच्या कुशीत हवेची चार तोंडं उघडी राहिली. उघड्या तोंडात एखादा नट पडला तर इंजिनाची वाट लागते, म्हणून त्यात चिंध्यांचे बोळे कोंबून ठेवायचे, ही सगळ्याच वर्कशॉपांतली रीत. हिंदुरावनंही कोंबले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण उद्यमनगरातल्या माणसाला एक खोड असते. इंजिन बसवलं की त्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. मॅनिफोल्ड नव्हतं, पेट्रोलची नळी जोडलेली नव्हती, तरी हिंदुरावला राहवलं नाही. नुसतं फिरवून बघू म्हणून त्यानं चावी मारली, आणि बोळे काढायचे विसरला. इंजिन सुरू व्हायचं काहीच कारण नव्हतं. ते एका झटक्यात सुरू झालं आणि चारही बोळे गिळून शांतपणे घुमत राहिलं.

"बोळं कशाचं केलं हुतं?" मालननं विचारलं.

"जुनी साडी पडली हुती दोरीवर. जांभळी."

"दोरीवर साडी पडत न्हाई, वाळत आसती. ती मी अजून नेसते."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठं गप्प बसायचं एवढं नवऱ्याला कळतं.

सकाळपासून वर्कशॉपातच ठाण मांडून बसलेल्या उत्तमला मात्र आनंद मावत नव्हता. तो जीपभोवती फिरत म्हणाला, "दाजी, पेट्रोल न्हाई, काय न्हाई, तरी चालतंय! नुसतं आक्काच्या श्वासावर! आवं, हा इषय कुणाला सांगितला तर खरा वाटणार न्हाई."

"पावणं," हिंदुराव म्हणाला, "तुमी जरा गप बसतासा काय?"

"मग बंद करा की. त्यात काय यवढं?" असं म्हणून उत्तमनं हात घातला आणि चावी फिरवली.

इंजिन थांबलं. मालन तेव्हा हिंदुरावनं करून आणलेला चहा पीत होती. तिचा कप ओठांपाशी जाऊन थांबला. डोळे उघडे होते, पण ते कुठंच बघत नव्हते. कपातून निघालेली वाफसुद्धा हवेत जिथल्या तिथं उभी राहिली. हिंदुरावनं तिला हाक मारली. मग त्यानं मेव्हण्याला ढकलून दिलं आणि चावी मारली. इंजिन घुमायला लागलं, वाफ वर गेली आणि मालननं घोट घेतला.

"साखर कमी पडलीया," ती म्हणाली.

हिंदुराव तिथंच ऑइलच्या डागांवर बसला. आयुष्यात बायकोची तक्रार ऐकून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. उत्तमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानंतर तो चावीला पाठ लावून उभा राहिला आणि कुणालाही जवळ येऊ देईना.

शेजारच्या गाळ्यातला बाबालाल मुजावर आवाज ऐकून आला. बाबालालसारखं ॲल्युमिनियमचं वेल्डिंग त्या भागात दुसऱ्या कुणाला जमत नसे, आणि हिंदुरावबरोबर त्याची वर्षानुवर्षांची जोडी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मालनकडं बघितलं, इंजिनाकडं बघितलं आणि दाढी खाजवली.

"त्येला त्येचं तोंड न्हाई मिस्त्री, म्हणून त्ये वैनींच्या तोंडानं घेतंय," तो म्हणाला. "त्येचं तोंड त्येला करून दिवूया."

"मी तर कवाधरनं त्येच म्हणतोय," हिंदुराव म्हणाला. तसं त्यानं काही म्हटलं नव्हतं, पण मनात तेच होतं.

मालननं घरात जाऊन बसायचा प्रयत्न करून बघितला. पायऱ्या चढताना श्वास लांबत गेला, ताणला गेला आणि दोरीला हिसका बसावा तशी ती मागं ओढली गेली. तेव्हा तिनं शिलाई मशिनीचं स्टूल खाली आणवलं आणि जीपच्या शेजारी बसली. गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं ती शिवायची. एक अर्धवट होतं, ते मांडीवर घेऊन ती हातशिलाई करू लागली.

आधी माप घ्यायचं होतं. हिंदुरावनं पॅकिंगचा जाड कागद इंजिनाच्या चार तोंडांवर धरला. एरवी त्यावर ग्रीसचा अंगठा फिरवून भोकांच्या कडा उठवाव्या लागतात. या वेळी कागद आपणहून चिकटला, आतून ओढला गेला आणि चारही भोकं त्यावर स्वच्छ उमटली. काम अर्धं झालं म्हणून हिंदुरावला हुरूप आला. कागद काढून त्यानं ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटवर ठेवला, रेघा ओढल्या, भोकं पाडली आणि कानस मारायला बसला. बाबालालनं नळ्यांत नदीची कोरडी वाळू ठासून भरली. वाळू भरली की नळी वाकवताना चेपत नाही. गरम करून तो एकेक नळी वाकवत होता, एवढ्यात त्याचं कोपर कशाला तरी लागलं.

"मिस्त्री, लेथ तुमी हलवला काय?"

"न्हाई."

"मग भित आली."

खरंच आली होती. पलीकडची भिंत लेथ मशिनला टेकली होती आणि अलीकडची ड्रिल मशिनला. खोलीतली हवा इंजिन पीत होतं, आणि हवा जेवढी कमी होईल तेवढी खोली कमी होत होती. दोघांनी आपापलं सामान मध्ये ओढून घेतलं आणि पुन्हा कामाला लागले.

"जीपच भाईर काढू या," उत्तम चावीपासून न हलता म्हणाला.

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. ज्या शटरमधून परवा जीप सहज आत आली होती, त्यातून आता जेमतेम सायकल गेली असती. बाहेर रस्त्यावरून लोक ये-जा करत होते. एकानं आत डोकावून विचारलं, "काय हिंदुराव, गाळा ल्हान केलासा जणू?" हिंदुराव म्हणाला, "व्हय, जरा आटोपता केलाय." तो माणूस बरं म्हणून गेला.

प्लेट तयार झाली. बाबालालनं तिच्यावर चारही नळ्या वेल्ड केल्या. कापडासारखी सरळ, एकसारखी शिवण पडली. छत आता इतकं खाली आलं होतं की उत्तमला मान वाकडी करून उभं राहावं लागत होतं. हिंदुरावनं नळ्यांचा जोड उचलला, जीपच्या कुशीत घातला आणि बोल्ट लावायला घेतला.

बोल्ट जाईना. पहिलं भोक जुळलं तर शेवटचं जुळत नव्हतं. शेवटचं जुळवलं तर पहिलं बाजूला सरकत होतं. त्यानं जोर लावला, शिवी दिली, देवाचं नाव घेतलं. काहीच उपयोग झाला नाही. आणि तो असा झटत असताना त्याच्या लक्षात आलं की मालनच्या सुईचा हात थांबला आहे.

"आवं," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "डब्यात पीठ हाय. उद्याला पुरंल. उत्तमला जेवल्याबिगर जाऊ दिऊ नगासा."

हिंदुरावच्या हातातला पाना खाली पडला. तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. बसला म्हणजे काय, जागाच तेवढी उरली होती.

"मालन, मला लई भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"मलाबी," ती म्हणाली. मग ती त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या प्लेटकडं बघत राहिली. तिनं मांडीवरच्या ब्लाउजची बाही उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "तुमी कागद उलटा ठेवलायसा."

"आं?"

"कागदाची जी बाजू इंजिनाला हुती, ती वर ठिवून कापलंय. नवीन पोरी बाह्या कापत्यात तवा आसंच करत्यात. दोन बाह्या, दोन्ही बी उजव्याच हाताच्या."

हिंदुरावनं प्लेट बघितली, इंजिन बघितलं. आरशात बघून कापल्यासारखी प्लेट कापली गेली होती. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी पोरं करतात ती चूक. दुसऱ्या कुणी केली असती तर त्यानं ती गल्लीभर हसून सांगितली असती.

"नळ्या कापायच्या," तो म्हणाला. "प्लेट पालथी करायची आन नळ्या दुसऱ्या अंगानं जोडायच्या."

"कापा," बाबालाल म्हणाला. आपलं इतकं देखणं वेल्डिंग कापलं जाताना बघून त्याच्या जिवाचं पाणी झालं असणार, पण करवत त्यानंच उचलून दिली.

भिंतीनं लेथ अर्धा आत घेतला होता. ड्रिल तर दिसतच नव्हतं, नुसता त्याचा दांडा भिंतीतून खुंटीसारखा बाहेर आला होता. बाबालाल वेल्डिंग करत होता तेव्हा हिंदुरावची पाठ एका भिंतीला आणि छाती जीपला लागली होती. प्लेट त्यानं चिमट्यानं धरली होती आणि तोंडानं मालनशी बोलत होता. काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून तो तिला साडीबद्दल बोलत राहिला. जांभळीच आणू, तसलाच काठ बघू, तुला पाहिजे त्या दुकानात जाऊ, किती वेळ लागला तरी मी बाहेर उभा राहून कुरकुरणार नाही.

"ह्ये लिवून द्या," मालन म्हणाली. एवढ्याशा तीन शब्दांना तिला पूर्ण एक फेरा लागला. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा.

ती थट्टा करते आहे म्हणजे अजून आहे, हे कळून हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं. वेल्डिंगच्या उजेडानं आलं असं त्यानं नंतर सांगितलं, पण ते खोटं होतं.

जोड पुन्हा कुशीत गेला. या वेळी बोल्ट हातानंच फिरले, लोण्यातून गेल्यासारखे. चारही नळ्यांची दुसरी टोकं बाबालालनं केलेल्या एका पेटीत जमत होती, आणि पेटीला हवा घ्यायला एकच तोंड होतं. त्या तोंडावर बाबालालनं एक लांब नळी बसवायला घेतली आणि थांबला.

"तोंड कुटं करू?"

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोलीत ठेवलं तर इंजिन उरलेली खोली पिऊन टाकणार, त्यांच्यासकट. उत्तम म्हणाला, "रस्त्याकडं करा. भाईर हवाच हवा हाय."

हिंदुरावही तेच म्हणणार होता. त्यानं नळी शटरकडं वळवलीही. पण मालननं मान हलवली.

"रस्त्यावर लोकं हाईत," ती म्हणाली. "कुणाची तरी बायकू आसंल. कुणाची पोरं."

"तुझं बघू का लोकांचं बघू?" हिंदुराव ओरडला. इतक्या लहान जागेत तो आवाज फारच मोठा झाला.

"वर करा," मालन म्हणाली. "वर कोन ऱ्हातंय?"

छताचा पत्रा आता त्यांच्या डोक्याला टेकलाच होता. हिंदुरावनं कातरी घेतली आणि पत्र्याला गोल भोक पाडलं. निळा उजेड आत आला. बाबालालनं नळी उभी करून त्या भोकातून वर काढली आणि खाली पेटीवर दाबून धरली. हिंदुरावनं शेवटचा पट्टा आवळला.

इंजिनाचा आवाज बदलला. आतापर्यंत ते घुमत होतं, आता त्यानं आवंढा गिळला आणि मोकळ्या गळ्यानं हुंकार दिला.

मालन स्टुलावरून उठली. तिनं श्वास घेतला. तो गेला नाही. छातीत उतरला, मुरला, थोडा वेळ राहिला आणि तिनं सोडला तेव्हाच बाहेर आला. सगळेजण तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं दुसरा घेऊन खात्री केली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो खोकलाही तिचा स्वतःचाच होता. हिंदुरावनं तिला मिठी मारली. बाबालाल आणि मेव्हणा समोर उभे आहेत याचं त्याला भान राहिलं नाही, आणि राहिलं असतं तरी त्यानं सोडलं नसतं.

"आता तरी साखर घाला च्यात," ती त्याच्या खांद्यात म्हणाली.

भिंती मागं सरकल्या. लेथ बाहेर आला, ड्रिल बाहेर आलं, पत्रा करकरत वर गेला आणि त्याच्याबरोबर ती उभी नळीही लांबत गेली. शटर रुंद झालं. उत्तमनं घाबरत घाबरत चावी फिरवली. इंजिन थांबलं आणि मालन थांबली नाही. ती पदरानं कपाळ पुसत होती, पुसतच राहिली. उत्तम मटकन जीपच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबालालनं भिंतीला टेकून डोळे मिटले आणि मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. मग कुणीतरी चहा सांगितला. चहा आला. चौघांनी तो इतक्या चवीनं प्यायला की चहावाल्याला दुसऱ्यांदा पाठवावा लागला.

कप रिकामे झाल्यावर सगळे मोकळी हवा घ्यायला रस्त्यावर आले. दुपार कलली होती. उन्हं छान होती. कुठल्याशा गाळ्यातून ग्राइंडरचा आवाज येत होता. हिंदुरावला वाटलं, आता एवढंच असावं. आपण असावं, ही असावी, आणि रोजचा आवाज असावा.

"दाजी," उत्तम वर बघत म्हणाला, "आबाळ जरा खाली आलंय न्हवं?"

हिंदुरावनं वर बघितलं. आभाळ मधोमध थोडं खाली आलं होतं, ओल्या चादरीला झोळ पडतो तसं. मग ते वर गेलं. मग पुन्हा खाली आलं. इंजिन तर बंद होतं. बाबालालही बघत होता. तिघांच्याही नजरा हळूहळू खाली आल्या आणि मालनच्या छातीवर पडणाऱ्या पदरापाशी थांबल्या. तो खाली गेला की आभाळ वर जात होतं. तो वर आला की आभाळ खाली येत होतं.

मालनलाही ते दिसलं. तिनं श्वास धरून ठेवला. आभाळ जिथं होतं तिथं थांबलं.

"दुखतंय काय?" हिंदुरावनं हळूच विचारलं.

तिनं श्वास सोडला. "न्हाई वो," ती म्हणाली. "उलट लई बरं वाटतंय. आजवर येवढा श्वास कवा मिळालाच नव्हता."

"मग जरा बेतानं घे."

"घेते," मालन म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं होतं ते बघून हिंदुरावला तिला पुन्हा सांगवेना. तिनं पदर कमरेला खोचला, डोळे मिटले आणि पोटापासून एक मोठा श्वास आत ओढायला घेतला. खाली येणाऱ्या आभाळात समोरच्या फाउंड्रीची चिमणी वरून दिसेनाशी होत निम्म्यावर आली.